बाटलीतला साप आणि चिठ्ठीवरचे गाव

कल्याणच्या खाडीकडच्या आमच्या मोहल्ल्यात मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत एकदा तरी आरडाओरडा व्हायचा. कुणाच्या तरी पडवीत, लाकडांच्या ढिगाऱ्यात नाहीतर न्हाणीच्या भिंतीवर साप निघायचा. अशाच एका संध्याकाळी भिंतीवर तपकिरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला. "मण्यार, मण्यार" अशी ओरड झाली. शेजारचे चाचा काठी घेऊन धावले आणि दोन फटक्यांत काम झाले. आमच्या नानी तेवढ्यात बाहेर आल्या. मेलेल्या सापाकडे वाकून बघत म्हणाल्या, "अरे, हा कवड्या आहे. पट्टे बघा, मानेपासून सुरू झालेत. गरिबाला उगाच मारलात." नानींचे कुणी ऐकले नाही. साप गटारात गेला आणि विषय संपला.

नानींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या दिवशी त्या जे बोलल्या तेच सर्पशास्त्राच्या पुस्तकात छापलेले आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट. तिचे पांढरे, बहुधा जोडीने असणारे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे दुभागलेले. फ्रँक वॉल नावाच्या लष्करी डॉक्टराने १९०५ पासून मुंबईच्या एका नियतकालिकात भारतातल्या नेहमीच्या सापांवर लेखमाला चालवली, तिच्यात असेच खवले मोजून साप ओळखायला शिकवले होते. रंग फसवतो, खवला फसवत नाही, हा या शास्त्राचा पाया आहे.

हा पाया घालायला माणसाला फार काळ लागला. प्राण्यांविषयी लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. चौदाव्या शतकात कैरोचे विद्वान अल् दमीरी यांनी 'हयातुल हैवान' हा मोठा ग्रंथ रचला. त्यात प्राणी वर्णानुक्रमे आहेत. प्रत्येकाचे नाव, त्या नावाची व्युत्पत्ती, त्याविषयीच्या म्हणी, औषधी उपयोग, खाणे हलाल की हराम, सारे काही आहे. पण साप समोर ठेवून त्याचे खवले मोजणे ही त्या काळाची पद्धत नव्हती, ना पूर्वेत ना पश्चिमेत.

युरोपात १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावे देण्याची रीत पक्की केली. त्याच्या हाताशी होते श्रीमंतांच्या संग्रहातले स्पिरिटमध्ये बुडवलेले साप आणि जुन्या ग्रंथांतली चित्रे. जहाजांवरून आलेल्या बाटल्यांवर गावाचे नाव नसायचे. असलेच तर 'इंडिया' एवढेच, आणि त्या काळच्या युरोपीय खलाशाचे इंडिया म्हणजे मलबारपासून ब्राझीलपर्यंत काहीही. याचा परिणाम काय झाला पाहा. श्रीलंकेत सिंहली लोक एका हिरव्या, सडपातळ सापाला 'अहेतुल्ला' म्हणतात. अर्थ, डोळा टोचणारा. आपल्याकडचा हरणटोळ त्याचाच भाईबंद, आणि तो माणसाच्या टाळूवर घाव घालतो असे आपल्याकडेही म्हणतात. तो तसे काही करीत नाही, ही गोष्ट वेगळी. लिनियसने हे सिंहली नाव एका सापाला दिले. तो साप निघाला अमेरिकेतला. आजही अमेरिका खंडातल्या त्या सापाच्या शास्त्रीय नावात श्रीलंकेतल्या खेडुताचा शब्द आहे. एका बाटलीवर खरे गाव लिहिले असते तर हा गोंधळ झाला नसता.

गाव लिहिणारा माणूस पुढे आला तो पॅट्रिक रसेल. ईस्ट इंडिया कंपनीत येण्याआधी हा डॉक्टर हलब शहरात होता. पुढे आंध्रच्या किनाऱ्यावर त्याने साप गोळा केले आणि १७९६ साली लंडनमध्ये चित्रांसह मोठा ग्रंथ काढला. त्याने लॅटिन नावांच्या मागे न लागता लोक ज्या नावाने साप ओळखत ती तेलुगू नावे लिहून ठेवली. मण्यारीच्या कुळाला आज जगभर 'बंगारस' म्हणतात, ते रसेलने टिपलेल्या 'बंगारम' या शब्दावरून. घोणशीला इंग्रजीत रसेलचे नाव मिळाले. रसेलला ही नावे सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र कुठे राहिली नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तिथे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले. माथेरान आज रायगड जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात मोडत होते आणि त्याची माहिती ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येच सापडते. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोचली होती. पुढे नेरळहून डोंगरावर जाणारी छोटी गाडी अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पुरी केली. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी पैसा घातला. ही गाडी आपल्या लोकांना ठाऊक आहे. त्याच डोंगरावरून गाडीच्या कितीतरी आधी बाटल्या लंडनला गेल्या, हे फारसे कुणाला ठाऊक नाही.

त्या धाडणाऱ्यांत एक डॉ. लीथ होते. १८६४ साली मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल लिहिणारे हेच. त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद होता. सिंध प्रांतातल्या एका वाळूतल्या सापाला १८६९ मध्ये त्यांचे नाव मिळाले. माथेरानच्या एका बेडकालाही १८८८ मध्ये लंडनच्या बुलेंजरने त्यांचे नाव दिले. बुलेंजर माथेरानला कधी आला नाही. पण बाटलीवर 'माथेरान' लिहिलेले होते, म्हणून तो बेडूक कुठला हे आज कुणीही सांगू शकतो.

मुंबईत हे काम हिंदुस्थानच्या भूमीवरच व्हावे म्हणून १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठांपैकी सहा इंग्रज, दोन देशी. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीचे सामान ठेवायला जागा नव्हती, तेव्हा फोर्टातले मद्याचे व्यापारी फिप्सन यांनी आपल्या दुकानातली खोली दिली. १८८८ मध्ये पश्चिम घाटातल्या एका खापरखवल्याला त्यांचे नाव मिळाले. खापरखवल्या म्हणजे जमिनीखाली राहणारा, शेपटी तिरकी कापल्यासारखी दिसणारा निरुपद्रवी साप. असे साप पावसात माती उकरताना सापडतात, आणि घाटात माती उकरण्याचे काम साहेबाने नव्हे, कातकरी-ठाकरांनी केले. नावात फिप्सन आहे, कुदळ धरणारा नाही.

याच काळात कोकणात उलटे काम चालले होते. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली सरकारने फुरशांवर इनाम लावले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. आमच्या कल्याण-मुंब्र्यातली किती तरी घराणी मूळची त्या भागातली. त्यांच्या पणजोबांनीही मेलेली फुरशी कचेरीत नेऊन पैसे घेतले असतील. कचेरीने फुरशी मोजली, पैसे वाटले आणि ढीग पुरून टाकला. लाख फुरशांचा असा हिशेब राहिला, पण कुठले फुरसे कुठल्या सड्यावरचे, किती लांबीचे, पोटात काय, हे राहिले नाही. दहा बाटल्या नीट चिठ्ठ्या लावून ठेवल्या असत्या तर त्या या लाखांपेक्षा जास्त बोलल्या असत्या.

चिठ्ठीचे मोल आपल्या दोन माणसांनी ओळखले होते. सलीम अली लहान असताना त्यांनी पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची चौकशी करायला ते सोसायटीत गेले. सेक्रेटरी मिलार्ड यांनी कपाटांचे खण उघडून दाखवले, त्या खणांतल्या पक्ष्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्यांतूनच त्यांचे आयुष्य सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही. हुमायून अब्दुलअली यांनी १९६८ पासून सोसायटीच्या पक्षिसंग्रहाची सूची छापायला घेतली. एकेक पक्षी हातात घेऊन, चिठ्ठी वाचून, चुकली असेल तर दुरुस्त करून. हे काम दिसत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. सह्याद्रीतल्या एका बेडकाला १९५५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. सलीम अलींच्या नावाच्या वटवाघळाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ते १९४८ साली तामिळनाडूच्या डोंगरात पकडले गेले आणि चोवीस वर्षे मुंबईत एका साध्या वटवाघळाच्या नावाखाली पडून राहिले. १९७२ मध्ये थायलंडच्या एका अभ्यासकाने ते पुन्हा तपासले आणि ही निराळीच जात आहे हे दाखवून दिले. वटवाघूळ तेच, चिठ्ठीवरचे गावही तेच. बघणारे डोळे नवे होते.

सापांच्या बाबतीत आज हेच चालू आहे. सह्याद्रीतला एक काळा, जमिनीखालचा साप पूर्वी दुसऱ्याच जातीच्या नावाखाली गणला जाई. २०१६ मध्ये तो वेगळा ठरला आणि त्याला पुण्याच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव दिले गेले. हरणटोळाचे तर पाहायलाच नको. मलंगबाबांच्या डोंगरावर पायऱ्या चढताना करवंदीच्या जाळीत जो हिरवा साप आपण पाहतो, त्याच्या भावकीला गेल्या सव्वाशे वर्षांत पुस्तकांनी एकामागून एक नावे दिली. शेवटी 'नॅसुटा', म्हणजे लांब नाकाचा, हे नाव रुळले आणि श्रीलंकेपासून आपल्यापर्यंत सारे हरणटोळ एकच समजले गेले. २०२० मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासकांनी डोंगराडोंगरांतले नमुने, त्यांची जनुके आणि जुन्या संग्रहालयांतले साप ताडून पाहिले. तेव्हा कळले की 'नॅसुटा' फक्त श्रीलंकेतला. भारतातले हरणटोळ निराळ्या जातींचे. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या एका जातीला 'बोरियालिस', उत्तरेकडचा, हे नाव मिळाले. स्पिरिटमध्ये हरणटोळाचा हिरवा रंग उडून निळसर होतो, म्हणून रंगावर काहीच ठरत नाही. नाकाचा आकार, खवल्यांची गणती आणि चिठ्ठीवरचे गाव, यांवरच हे ठरले.

कुणी विचारेल, नावे बदलून आपल्याला काय मिळणार? उत्तर दवाखान्यात आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषावरून बनते. येऊरच्या जंगलातला हिरवा चापडा त्या चारांत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसे दुखत नाही, म्हणून घरचे कवड्या म्हणून सोडून देतात आणि पहाटे श्वास अडकतो. उलट कवड्याला मण्यार समजून दरवर्षी किती मारले जातात त्याची गणती नाही. म्हणून दंश झाला की साप ओळखत बसू नये, मारून बरोबरही नेऊ नये. माणसाला थेट इस्पितळात न्यावे. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. पण कुठल्या भागात कुठले साप आहेत हे आधी नोंदलेले असेल, तर लस बनवणाऱ्यालाही अंदाज येतो आणि डॉक्टरलाही.

इथेच आमची खंत आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आमच्या डोळ्यांदेखत भातखाचरे गेली, तळी बुजली, पारसिकच्या पायथ्याशी इमारती चढल्या. त्या खाचरांत कोणती दिवड, कोणती नानेटी होती, कुठल्या वर्षापर्यंत होती, याची चिठ्ठी आमच्या घराघरांत कुणी लिहिली नाही. १९७२ च्या कायद्यामुळे साप मारणे किंवा पाळणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. बाटल्या भरण्याचे दिवस आपल्यासारख्यांसाठी संपले. पण लांबून काढलेला फोटो, गावाचे नाव, तारीख आणि मोहल्ल्यात त्या सापाला काय म्हणतात तो शब्द, एवढे कुणालाही लिहिता येते. सर्पमित्राला बोलवावे आणि तो साप घेऊन जाताना एवढे टिपून ठेवावे. घरातल्या बुजुर्गांना विचारावे, कारण रसेलला सांगणारी माणसे त्यांच्यासारखीच होती.

आमच्याकडून ही नोंद पन्नासेक वर्षे राहून गेली. ती इथे करीत आहोत. कवड्या, एक. कल्याण, खाडीकडचा मोहल्ला, न्हाणीची भिंत. पावसाळ्याची सुरुवात, संध्याकाळ. काठीने मारला. ओळखणारी, आमची नानी.