म्हादईचे पाणलोट आणि कणकुंबीची सीमारेषा

एकाच नदीला तीन नावे असणे ही भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी गोष्ट. सत्तरीत ती म्हादई, पणजीपाशी मांडवी आणि दिल्लीने नेमलेल्या जलविवाद लवादाच्या कागदोपत्री 'महादयी'. आम्हांला येथे रस आहे तो या नावांमागील माणसांच्या एकत्र येण्यात, आणि ते एकत्र येणे जेथे थांबले त्या जागेत.

म्हादईचे खोरे सुमारे २०३२ चौरस किलोमीटरचे. त्यातील १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि उरलेले ७७ महाराष्ट्रात, दोडामार्गाच्या बाजूला. नदी उगम पावते ती मात्र खानापूर तालुक्यातील जंगलात. म्हणजे ज्याच्याकडे नदी अधिक, त्याच्याकडे उगम नाही. एकट्या राज्यातील एकट्या संस्थेने हे पाणलोट राखता येणार नाही, हे या साध्या भूगोलातच लिहिलेले आहे.

ही जाणीव लवादाहून जुनी आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रा एकीकडे नवापूरहून आणि दुसरीकडे कन्याकुमारीहून निघाली. शंभराहून अधिक संस्था तीत सामील होत्या, भाषा अनेक होत्या, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही टोकांचे यात्रिक फोंड्याजवळ रामनाथीला भेटले. राज्यांच्या सीमा न मानता डोंगर हे एकक मानायचे, ही त्या यात्रेची खरी देणगी होय. पुढे निर्मला सावंत आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक राजेंद्र केरकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या म्हादई बचाव अभियानाला ती उपयोगी पडली असावी, असे आम्हांस वाटते. अभियानाने न्यायालयाचा मार्ग धरला. केरकरांनी त्याबरोबरच सत्तरीतील देवराया, जत्रा, लोकगीते यांविषयी लिहून नदीला वाचक मिळवून दिला. हे काम आपल्याकडे साहित्याच्या इतिहासात मोजले जात नाही. मोजले जावयास हवे.

कर्नाटकाची कळसा-बंडुरी योजना म्हादईच्या उपनद्यांचे पाणी मलप्रभेत वळवू पाहते. २००२ मध्ये केंद्राने ७.५६ टीएमसीला तत्त्वतः मान्यता दिली आणि त्याच वर्षी ती स्थगितही केली. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्याने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. तिन्ही राज्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, यात नवल नाही. जंगल कोणी राखायचे हा प्रश्न टीएमसीत मांडताच येत नाही.

परंतु संस्थांच्या आघाडीतही एक उणीव राहिली. मलप्रभेच्या लाभक्षेत्रातील नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी. १९८० मध्ये सिंचनाच्या सुधार आकारणीविरुद्ध तो उठला, गोळीबार झाला. जुलै २०१५ पासून तोच नरगुंदला पाण्यासाठी दीर्घकाळ धरणे धरून बसला. गोव्यातील भाषणांत तो बहुधा पाणी पळवणारा म्हणून येतो. तिकडच्या भाषणांत गोमंतकीय आडमुठा ठरतो. दोघांनाही आपापल्या सरकारांनी पुरवलेली ही पात्रे आहेत.

वस्तुतः मलप्रभाही उगम पावते ती कणकुंबीलाच. कळशाचा प्रवाहही तिथलाच. एकाच रानातला पाऊस थोड्या अंतराने अरबी समुद्राकडे किंवा कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जातो. ते रान विरळ झाले तर पणजी आणि नरगुंद दोन्ही तहानेली राहतील. शिवाय हा मराठीभाषक मुलूख सीमावादातला. तेव्हा येथे भाषेचाही कज्जा आहेच. संयुक्त महाराष्ट्राविषयी आम्ही मराठीचे लोक पुष्कळ बोलतो, खानापूरच्या या रानाविषयी क्वचितच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' हे प्राधिकरण मंजूर केले. त्याची कक्षा म्हादईच्या खोऱ्यापुरती. मलप्रभा कृष्णेच्या खोऱ्यात मोडते आणि तिच्या पाण्याचा हिशेब दुसऱ्या लवादाकडे आहे. दोन्ही कक्षांची सीमा कणकुंबीच्या झाडीतून जाते.