प्रोपेलरच्या पात्याची पुढची धार : हलक्या विमानांच्या देखभालीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास बहुधा उड्डाणांचा, विक्रमांचा आणि शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र रोजच्या वापरात कसे झिजते आणि ती झीज रोखण्यासाठी माणसांनी काय केले, याची नोंद त्यात क्वचितच आढळते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधाइतकेच महत्त्व वापर आणि देखभाल यांना दिले पाहिजे, असा आग्रह इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी धरला आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात हलक्या विमानाच्या एका छोट्या भागाचा विचार केला आहे. तो भाग म्हणजे प्रोपेलरच्या पात्याची पुढची धार, हवेला प्रथम भिडणारी कडा. संरक्षणाच्या प्रत्येक उपायाने या धारेची झीज कमी केली. पण त्याच वेळी धोक्याचे स्वरूपही बदलले. त्यामुळे तपासणीची जबाबदारी कधीच संपली नाही, अशी या लेखाची मांडणी आहे.

झिजेचे मूळ : वेग

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला सुमारे साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रोपेलर होते आणि ते मिनिटाला साधारण ३५० फेरे घेत. म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४७ मीटरच्या आसपास होता. याउलट, ७६ इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेऊ लागला, की टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७० मीटर होतो. टोकाचा वेग सुमारे पावणेसहा पट वाढला, तर त्या टोकाशी आदळणाऱ्या खड्याच्या आघाताची ऊर्जा तेहतीस पटींनी वाढते. या वेगाला पावसाचा थेंबही मऊ राहत नाही. धावपट्टीवरील खडी, वाळू आणि गवताची धसकटे, तसेच पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या बाबतीत उसळणारे तुषार, हे सर्व धारेचे शत्रू ठरले. विमान उभे असताना इंजिनाचा वेग वाढवला, तर प्रोपेलर जमिनीवरचे खडे स्वतःच वर ओढून घेतो. म्हणून झिजेचा मोठा भाग आकाशात नव्हे, तर जमिनीवर घडतो.

लाकूड, कापड आणि पत्रा

राइट बंधूंनी स्प्रूस लाकडाच्या फळ्या एकमेकींना डकवून पाती कोरली आणि टोकांना पातळ कापड चिकटवले. लाकूड चिरू नये, हा त्यामागचा हेतू होता. फ्रान्समध्ये ल्युसियाँ शोव्हिएर यांनी अक्रोडाच्या लाकडाचे थर जोडून तयार केलेला प्रोपेलर लुई ब्लेरिओ यांच्या विमानावर होता. त्याच विमानाने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे इंजिनांचा वेग वाढत गेला तशी कापडाची मर्यादा उघड झाली. लाकडी पात्याच्या धारेवर आणि टोकावर पितळेचा, मोनेल या मिश्रधातूचा किंवा शिसे-कथलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा बसवण्याची पद्धत रूढ झाली. हा पत्रा स्क्रू आणि रिव्हेट मारून पक्का करीत, स्क्रूंची डोकी सैल होऊ नयेत म्हणून त्यांवर डाख देत आणि तो डाख कानशीने घासून सपाट करीत.

येथे एक नवीच अडचण उभी राहिली. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये दमट हवेतील ओलावा साठू लागला. बाहेरची झीज थांबवणारे कवच आतले लाकूड कुजण्यास कारणीभूत होऊ शकत होते. यावर शोधलेला उपाय अगदी साधा होता. टोकाजवळ पत्र्याला बारीक छिद्रे पाडली, की केंद्रोत्सारी बलाने पाणी आपोआप बाहेर फेकले जाते. वर उल्लेखिलेल्या ७६ इंची प्रोपेलरच्या टोकाशी हे बल वजनाच्या सात हजार पटींहून अधिक असते. ही छिद्रे रंगाने वा मळाने बुजू न देणे हा देखभालीचा नियमच झाला.

पात्याच्या संरक्षणाचा एक वेगळा प्रसंग पहिल्या महायुद्धात घडला. एप्रिल १९१५ मध्ये फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोस यांनी पात्यांवर पोलादी पाचरी बसवून प्रोपेलरमधून पुढे गोळ्या झाडल्या. पात्यावर लागणारी गोळी पाचरीमुळे बाजूला वळे, पण तिचा हादरा पाते आणि इंजिन यांनाच सोसावा लागे. आघात अडवता येतो, पण तो नाहीसा होत नाही, हे तत्त्व येथेही दिसते.

धातूचे पाते आणि खाचेचा धोका

सिल्व्हेनस अल्बर्ट रीड यांना ड्युरॅल्युमिनच्या प्रोपेलरसाठी १९२५ चा कॉलियर पुरस्कार मिळाला. धातूच्या पात्याला वेगळ्या कवचाची गरज उरली नाही. ते ओलाव्याने फुगत नव्हते आणि पावसातही टिकत होते. तथापि लाकडात जी खाच बहुधा स्थानिक इजा ठरे, तीच धातूत प्राणघातक होऊ शकते. खाचेच्या तळाशी प्रतिबल एकवटते, कंपनांमुळे धातूला श्रांती येते, तडा वाढत जातो आणि एखाद्या उड्डाणात पात्याचा तुकडा निखळतो. त्यानंतरच्या असंतुलनाने इंजिन आपल्या आधारावरून उखडण्याचीही शक्यता असते. म्हणून खाच बारीक कानशीने घासून तिचा उथळ, गुळगुळीत खोलगा करणे ही कारागिराची महत्त्वाची जबाबदारी बनली. या उपायात पाते वाचवण्यासाठी पात्याचाच अंश द्यावा लागतो. त्यामुळे किमान मापाची मर्यादा गाठली, की पाते बाद करावे लागते.

लाकडाचे पुनरागमन

धातूने लाकडाला कायमचे मागे टाकले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. एरिक शॅट्झबर्ग यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील १९१४ ते १९४५ या काळाचा अभ्यास करून दाखवले आहे, की धातूच्या निवडीमागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती. धातू म्हणजे प्रगती, ही धारणाही होती. पुढच्या धारेचा इतिहास या मताला पुष्टी देतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांवरही दाबून सघन केलेल्या लाकडाची, आवरण दिलेली आणि धातूची धार बसवलेली पाती होती. जर्मनीत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या एमटी-प्रोपेलर या कंपनीने लाकडी गाभा, त्यावर तंतुप्रबलित आवरण आणि धारेवर धातूची पट्टी अशी रचना हलक्या विमानांसाठी रुळवली. लाकूड कंपने शोषते आणि वजनाने हलके असते; त्याची उणीव धारेपुरती होती, आणि ती निकेलसारख्या कठीण धातूने भरून काढली.

याखेरीज पॉलियुरेथेनची पारदर्शक चिकटपट्टी हा स्वस्त उपायही रूढ झाला. रबरासारखी ही पट्टी थेंबाचा आघात लवचीकपणे झेलते. परंतु एकाच पात्यावरील पट्टी सुटली, तर तोल बिघडतो आणि पट्टीखाली सुरू झालेली खाच सहज लक्षात येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की कापड, पत्रा, धातू आणि चिकटपट्टी हा प्रगतीचा सरळ जिना नव्हे. कापडाने चिरणे टाळले, पण वेग वाढताच ते अपुरे पडले. पत्र्याने झीज रोखली, पण ओलावा कोंडला. धातूने ओलाव्याची चिंता मिटवली, पण खाचेचा धोका वाढवला. पट्टीने खाच टाळली, पण दृष्टीआड केली. प्रत्येक टप्प्यावर कायम राहिली ती उड्डाणापूर्वी धारेवरून सावकाश फिरणारी माणसाची बोटे. इंजिन बंद आणि स्विच बंद असल्याची खात्री करून केलेली ही काही क्षणांची तपासणी कोणत्याही विक्रमाच्या यादीत येत नाही; मात्र ती चुकली, तर त्याची किंमत वैमानिकाला आणि प्रवाशाला मोजावी लागते. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनाने या अनामिक हातांची दखल घेणे आवश्यक आहे, असे येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.