उबवणीतले अंडे दिव्यावर धरले की काय दिसते?

इंदूरहून महूकडे निघाले की वाटेत राऊ लागते. माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव आता इंदूर शहराला जवळजवळ चिकटले आहे. कोंबड्या पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे स्थान मोठे सोयीचे आहे. पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ, म्हणजे कडकनाथ कोंबडीचे मूळ घर. आणि दक्षिणेला जवळच महू, जिथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

भिल्ल आणि भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची अंडी व पिल्ले दूरदूरच्या राज्यांत मागवली जाऊ लागली. कडकनाथचे मांस, जीभ, तुरा, हाडे यांवर काळी छटा असते. अंडे मात्र काळे नसते. ते फिकट तपकिरी, किंचित गुलाबीसर असते आणि साधारण ४५ ग्रॅम भरते. काळ्या अंड्यांची चित्रे दाखवून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

या जातीची एक अडचण आहे. कडकनाथ कोंबडी खुडूक होऊन चिकाटीने अंड्यांवर बसेल, याची खात्री नसते. म्हणून तिची अंडी एकतर गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात, नाहीतर यंत्रात उबवतात. यंत्र घेणारा पहिल्यांदा त्यासोबतची पुस्तिका वाचतो. त्यात लिहिलेले आकडे खरे असतात: कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस, पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस तापमान, बिनपंख्याच्या यंत्रात अंड्यांच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ अंश, पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीन वेळा अंडी फिरवणे. तरीही त्याच पुस्तिकेनुसार वागून राऊतल्या आणि फोंड्यातल्या नवशिक्याची पिल्ले वेगवेगळ्या कारणांनी मरू शकतात.

कारण हवेत आहे. मे महिन्याच्या दुपारी राऊत तापमान ३८ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ती हवा यंत्रात शिरल्यावरही १५ टक्क्यांच्याच आसपास राहते. पाण्याची एक लहान वाटी तिथे पुरी पडत नाही. आता गोव्यातला जुलै घ्या. खोलीत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ५० टक्के उरते. म्हणजे यंत्रात थेंबभर पाणी न घालताच पुस्तिकेतला आकडा गाठला जातो. त्यावर कोणी इमानाने दोन्ही खाचा पाण्याने भरल्या तर अंड्यातील पाणी बाहेर पडायला वावच राहत नाही. स्वस्त यंत्रांवरचा आर्द्रतेचा काटा तर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? खुद्द अंड्यावर, आणि त्यासाठीच ते दिव्यावर धरून पाहायचे असते.

अंड्याच्या बोथट टोकाला कवचाच्या आत दोन पापुद्र्यांमध्ये हवेची एक पोकळी असते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वाफ होऊन जाते तशी ती वाढत जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन १२ ते १३ टक्क्यांनी घटावे लागते. ४५ ग्रॅमच्या अंड्यात ही घट साडेपाच ग्रॅमच्या आसपास येते. सातव्या दिवशी ती सुमारे दोन ग्रॅम असावी. सोनाराकडे असतो तसा लहान इलेक्ट्रॉनिक काटा असल्यास प्रत्येक अंडे न तोलता सारी अंडी एकत्र तोलून सरासरी काढली तरी चालते. काटा नसल्यास दिवा पुरतो. पोकळीची कड कवचावर पेन्सिलने हलकी आखून बाजूला दिवस लिहावा. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवसाच्या तीन रेघा एकाखाली एक उतरत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. अठराव्या दिवशी पोकळीने अंड्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा व्यापलेला असतो. रेघा हलतच नसतील तर पाणी कमी करावे, हवेची भोके उघडावीत. फार वेगाने उतरत असतील तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. इथे एक बारकावा आहे: वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, म्हणून खोल वाटीपेक्षा उथळ, पसरट ताटली उपयोगी.

पाहण्यासाठी फार साहित्य लागत नाही. अंधारी खोली आणि लहान, प्रखर पण न तापणारी एलईडी बॅटरी पुरे. मोबाईलच्या दिव्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्याला अंड्याच्या टोकापेक्षा लहान भोक पाडले तरी काम होते. हात धुऊन अंडे बोथट टोकाने दिव्यावर टेकवायचे आणि हळू फिरवायचे. पाच-दहा मिनिटे अंडी बाहेर राहिल्याने बिघडत नाही. पहिल्यांदा सातव्या दिवशी पाहणे बरे. चौथ्या-पाचव्या दिवशी जाणत्याला रक्तवाहिन्या दिसतात, पण नवख्याला तपकिरी कवचातून त्या कळत नाहीत आणि तो चांगली अंडी टाकून देतो.

सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका गर्भाचा डोळा. नीट पाहिल्यास गर्भ हलतानाही दिसतो. पूर्ण स्वच्छ, फक्त बलकाची सावली असलेले अंडे बहुधा अफलित असते. अशी अंडी फार निघाली तर दोष यंत्राचा नसून कळपाचा असतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धट्टाकट्टा कोंबडा हवा. जाळे नाही, पण एक लाल कडे दिसते आहे, तर गर्भ धरून मेलेला असतो. कडे दिसलेले अंडे काढून टाकावे, कारण सडून फुटल्यास ते बाकीच्यांना नासवते. शंका असल्यास अंडे ठेवून चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. तेव्हा पोकळी सोडून बहुतेक अंडे गडद झालेले असते. अठराव्या दिवसानंतर मात्र अंडे हलवू नये.

लाल कडी पुष्कळ निघण्याचे एक कारण यंत्रात अंडी ठेवण्याच्या आधीचे असते, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात ते फार नडते. २०-२१ अंशांच्या खाली गर्भाची वाढ थांबलेली राहते. पस्तीस अंशांच्या खोलीत टोपलीत साठवलेल्या अंड्यांत ती अर्धवट सुरू होते, रात्रीच्या गारव्यात रखडते आणि गर्भ दुबळा होतो. म्हणून अंडी १५ ते १८ अंशांत, निमुळते टोक खाली ठेवून, सात दिवसांपेक्षा जास्त न साठवता वापरावीत. झाबुआहून बसने आलेली असोत की गोव्यात पार्सलने, प्रवासातली अंडी यंत्रात ठेवण्याआधी किमान बारा तास स्थिर राहू द्यावीत. हादऱ्यांनी सुटलेली हवेची पोकळी पुन्हा जागेवर बसायला तेवढा वेळ लागतो.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे की मेघगर्जनेने उबवणीची अंडी बिघडतात आणि त्यावर उपाय म्हणून गवताखाली लोखंडी खिळा ठेवतात. खिळ्याचे राहू द्या, पण गडगडाटाची भीती आजही अगदीच अनाठायी नाही. तो झाला की वीज जाते. अशा वेळी यंत्र न उघडता त्यावर घोंगडी पांघरावी. दोन-तीन तासांच्या गारव्याने गर्भ सहसा मरत नाही, उबवणी थोडी लांबते. घोंगडीने हवेची भोके मात्र बुजू देऊ नयेत, विशेषतः शेवटच्या आठवड्यात, कारण तेव्हा पिल्लांना प्राणवायू अधिक लागतो.

विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडते आणि पहिला श्वास घेते तो त्याच पोकळीतला. पोकळी लहान राहिली असेल तर अंगाभोवतीच्या पाण्यात ते गुदमरते. ही पावसाळी गोव्याची चूक. फार मोठी झाली असेल तर पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते वळूच शकत नाही. ही राऊच्या मे महिन्याची. कवचाला तडा गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या काळात झाकण उघडून मदत करण्याचा मोह फार होतो. उघडताच आतली ओल निघून जाते आणि अर्धे फुटलेले दुसरे पिल्लू पापुद्र्यात अडकते. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, दोन दिवस त्याला दाण्यावाचून चालते. पिसे वाळेपर्यंत ते यंत्रातच राहावे.

तेविसाव्या दिवशीही न फुटलेली अंडी घरापासून लांब नेऊन, नाक झाकून, एकेक फोडून पाहावीत. पिल्लू पूर्ण वाढलेले पण ओलसर, सुजलेले आहे की सुकून पापुद्र्याला चिकटले आहे, हे पाहावे आणि ते कवचावरच्या तीन रेघांशी ताडून वहीत लिहावे. पुढच्या खेपेला पाणी किती ठेवायचे ते त्या नोंदीवरून ठरते.