दोन मुली आणि दोन हुकूमशाह्या

स्पॅनिश भाषा एक. परंतु ती बोलणाऱ्या देशांचीं दुःखें निरनिराळीं. त्या भाषेंतील दोन नामांकित चित्रपट शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे याचा प्रत्यय येतो.

विक्तोर एरिसे यांचा ‘मोहोळाचा आत्मा’ १९७३ सालीं स्पेनमध्यें निघाला. तेव्हां जनरल फ्रँको सत्तेवर होता व प्रत्येक चित्रपटावर सेन्सॉरची नजर असे. कथा घडते ती १९४० च्या सुमारास, कॅस्टिलमधील एका खेड्यांत. यादवी युद्ध नुकतेंच संपलेलें. पण चिमुकल्या आनाशीं कोणी त्याविषयीं बोलत नाहीं. माळावरील ओसाड घरांत लपलेल्या फरारी माणसाला ती सफरचंद देते. रात्रीं गोळ्या झडतात. तो कोण होता, हें चित्रपट सांगत नाहीं.

आर्जेंटिनांतील लष्करी राजवट १९८३ सालीं संपली आणि १९८५ सालीं लुइस पुएन्सो यांचा ‘अधिकृत इतिहास’ प्रसिद्ध झाला. त्याला पुढें ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्याची नायिका आलिसिया ही इतिहासाची शिक्षिका. राजवटीनें गुपचूप नाहींशा केलेल्या आईबापांची मुलगी तर आपण दत्तक घेतली नाहीं ना, ही शंका तिला पोखरूं लागते. नातवंडांच्या शोधांत फिरणाऱ्या आज्यांची व्यथा येथें उघडपणें पडद्यावर येते.

स्पेनमध्यें मूल विचारतें आणि वडील माणसें गप्प राहतात. आर्जेंटिनांत मुलीला कांहींच ठाऊक नसतें, प्रश्न आईलाच विचारावा लागतो. पहिल्या चित्रपटांतील मौन सक्तीचें होतें. सक्ती सरल्यावरही जें मौन उरतें, त्याचा जाब दुसरा चित्रपट विचारतो.