हाताची तयारी : अवनद्ध वाद्यांच्या पायाभूत रियाजाचा परिचय

भाद्रपद जवळ आला की गोव्यातील घराघरांत वर्षभर खुंटीला टांगलेले घुमट खाली उतरते. चवथीच्या पहिल्या रात्री आरत्यांना जो जोश असतो, तो तिसऱ्या-चौथ्या रात्री ओसरू लागतो. बोटांच्या पेरांवर फोड आलेले असतात, मनगट जड झालेले असते आणि लय नकळत पुढे पळू लागते. वाद्य तेच असते, उत्साहही कमी नसतो. तयार नसतो तो हात. आषाढीच्या आधी बिदरजवळच्या कमठाणापासून कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदपर्यंतच्या सीमाभागात, जिथे मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, तिथल्या भजनी पखवाजवादकालाही हाच अनुभव येतो. वर्षातून काही दिवस हातावर अचानक पडणारा हा भार पेलण्याची पूर्वतयारी कशी करावी, तिच्यामागचे शास्त्र कोणते आणि तिच्यात धोके कोणते, याचा हा परिचय.

मुळाक्षरांची कल्पना

नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, घन आणि अवनद्ध असे चार वर्ग केले आहेत. चामड्याने मढवलेली वाद्ये अवनद्ध वर्गात येतात. तबला, पखवाज, ढोलकी, घुमट, शामेळ आणि पाश्चात्त्य ड्रम ही सारी याच कुळातली. या वाद्यांच्या शिक्षणात जगभर एक गोष्ट समान आढळते. मोठी रचना शिकवण्याआधी तिचे लहानात लहान घटक वेगळे काढून ते हातात मुरवले जातात.

पाश्चात्त्य ड्रमवादनात या घटकांना ‘रूडिमेंट’ म्हणतात. लष्करी पथकांच्या नगाऱ्यांतून ही पद्धत वाढली. अमेरिकेत 1933 साली स्थापन झालेल्या रूडिमेंटल ड्रमवादकांच्या राष्ट्रीय संघटनेने आरंभी 13 घटक अत्यावश्यक ठरवले, पुढे त्यांची संख्या 26 झाली. ‘पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटी’ने 1984 साली 40 घटकांची यादी मान्य केली आणि आज तीच प्रमाण मानली जाते. उजवा-डावा असा एकेक आघात म्हणजे ‘सिंगल स्ट्रोक’, प्रत्येक हाताचे दोन-दोन आघात म्हणजे ‘डबल स्ट्रोक’ आणि या दोहोंचे मिश्रण म्हणजे ‘पॅराडिडल’. गोव्यात एकाच वाड्यावर एका घरी तबला आणि दुसऱ्या घरी ड्रमसेट वाजताना ऐकू येतो, त्यामुळे ही तुलना येथील वाचकाला परकी वाटू नये.

आपल्याकडे हे काम बोल करतात. ना, ता, तिं, घे, क ही तबल्याची मुळाक्षरे. उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्या हाताचा ‘घे’ एकत्र आले की ‘धा’ होतो. तिट, तिरकिट, धिरधिर हे त्यांपासून बनलेले शब्द आणि कायदा, रेला ही वाक्यरचना. फरक एवढाच की ड्रमचा घटक केवळ हातांचा क्रम सांगतो, तर तबल्याचा बोल हातांचा क्रम, बोट, आघाताची जागा आणि नाद हे सारे एकाच अक्षरात सांगतो. म्हणून तो तोंडाने म्हणता येतो आणि पाठही राहतो.

बळ नेमके कोठे असते?

‘बोटांत ताकद नाही’ अशी तक्रार नवशिका नेहमी करतो. शरीररचना पाहिली तर बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून पुढे जाऊन बोटांना हालवतात. अंगठ्याच्या आणि बोटांच्या सूक्ष्म हालचाली तळहातातील लहान स्नायू सांभाळतात. तेव्हा हाताची तयारी म्हणजे बोटे जाड करणे नव्हे. तयारीत दोन गोष्टी येतात : पुढच्या हाताच्या स्नायूंचा दम वाढवणे आणि नको तो स्नायू आखडू न देण्याची सवय लावणे. यातली दुसरी अधिक कठीण आहे.

अनामिका उचलताना शेजारची बोटेही हलू पाहतात, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. हाताच्या पाठीवर तिच्या कंडरा शेजारच्या कंडरांशी जोडलेल्या असतात, हे त्याचे कारण. हा निसर्गाचा बंध जोर लावून तुटत नाही. जबरदस्तीने बोट स्वतंत्र करण्याचा हट्ट धरल्यास दुखापत होते. थंड स्नायू सावकाश आकुंचन पावतो आणि सावकाशच सैल होतो. द्रुत लयीत पहिला आघात संपायच्या आत दुसऱ्याची तयारी झाली पाहिजे. थंड हाताला ते जमत नाही, मग वादक खांद्यातून जोर आणतो आणि तेथून बिघाडाला सुरुवात होते.

तिरकिटचे गणित

‘तिरकिट’ या चार अक्षरी बोलाचे उदाहरण घेऊ. ति उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, र तर्जनीने, कि डाव्या हाताच्या सपाट पंजाने डग्ग्यावर आणि ट पुन्हा उजव्याच्या मधल्या बोटाने. घराण्यागणिक बोटांत थोडा फरक पडतो. दिल्लीचा बाज दोन बोटांचा म्हणून ओळखला जातो, तर पूरब बाजात मधल्या बोटाबरोबर शेजारची बोटे आणि पंजाही कामाला येतो. पण उजवा, उजवा, डावा, उजवा हा क्रम सामान्यतः हाच राहतो.

आता मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत दर मात्रेला एक तिरकिट वाजवले, तर मिनिटाला 240 आघात होतात. त्यांतले 180 उजव्या हाताचे आणि केवळ 60 डाव्याचे. दहा मिनिटांत उजव्या हाताने 1,800 वेळा आघात केला, डाव्याने 600 वेळा. याउलट पॅराडिडलमध्ये उजवा-डावा-उजवा-उजवा आणि डावा-उजवा-डावा-डावा अशा आठ आघातांत दोन्ही हातांना चार-चार समान वाट्याला येतात. ड्रमची ही मांडणी दोन्ही हात सारखे घडवते. तिरकिट घोटणाऱ्या विद्यार्थ्याचा डावा हात मात्र मागे राहतो, आणि मग ‘डग्गा बोलत नाही’ असे गुरू म्हणतात. उपाय साधा आहे. घेगेतिट यासारख्या बोलांत डाव्याचे दोन आणि उजव्याचे दोन आघात येतात. अशा बोलांना तिरकिटाइतकाच वेळ द्यावा.

काठी आणि हात यांतला आणखी एक भेद लक्षात ठेवावा. ड्रमवरची काठी चामड्यावरून आपोआप उसळून परत येते, वादकाने ती उसळी फक्त अडवायची नसते. शामेळाच्या काठ्यांनाही हेच लागू आहे. तबल्यावर बोट स्वतःच उचलावे लागते. म्हणून आघातापेक्षा उचल महत्त्वाची. बोट जितक्या हलकेपणाने वर येईल, तितका नाद मोकळा सुटतो आणि हात उशिरा थकतो.

रियाजाचा एक नमुना

सुरुवातीच्या विद्यार्थ्याला रोज 45 मिनिटे पुरेशी आहेत. तासन्‌तास अधूनमधून बसण्यापेक्षा ही 45 मिनिटे नित्यनेमाने होणे हिताचे.

पहिली 5 मिनिटे वाद्याला हात लावू नये. खांदे गोल फिरवावेत, मनगटे सावकाश वर-खाली करावीत, मूठ मिटून बोटे पूर्ण पसरावीत. पावसाळी सकाळी हात गार असतील तर कोमट पाण्यात धरून पुसून घ्यावेत. याच वेळी आजचा बोल हाताने ताल धरून तोंडाने म्हणावा. या पढंतीला कमी लेखू नये. पर्वतकर घराण्यातील लक्ष्मण पर्वतकर, म्हणजे आपले खाप्रूमामा, हातापायांवर एकाच वेळी निरनिराळे ताल धरण्यासाठी विख्यात होते. लय आधी अंगात आणि मग वाद्यावर, याचा त्यांच्याइतका मोठा दाखला गोव्यात दुसरा नाही.

पुढची 5 मिनिटे केवळ सुटे आघात : चाटेवर ना, डग्ग्यावर घे, मग दोन्ही मिळून धा. प्रत्येक आघातानंतर हात सैल पडला की नाही, एवढेच पाहावे.

नंतर 10 मिनिटे तिट, घेगेतिट आणि तिरकिट विलंबित लयीत. त्यानंतर 15 मिनिटे एक कायदा. तीनतालातील सर्वपरिचित कायद्याची चौकट अशी : धा धा ति ट, धा धा तूं ना, ता ता ति ट, धा धा धिं ना. सोळा मात्रांच्या या रचनेत तिसऱ्या ओळीवर डग्गा गप्प होतो आणि चौथीत परत येतो. म्हणजे डाव्या हाताला थांबणे आणि नेमक्या जागी पुन्हा येणे अशी दोन्ही कामे शिकायला मिळतात. 60 च्या लयीत एक आवर्तन 16 सेकंदांचे होते. सलग दहा आवर्तने निर्दोष झाली तरच लय 4 मात्रांनी वाढवावी. एकही बोल पुसट झाला तर मागच्या लयीवर परतावे. सोबत लेहरा किंवा मेट्रोनोम असावा, कारण थकलेला हात लय पळवतो आणि वादकाला ते कळत नाही.

मग 5 मिनिटे धिरधिर. यात तळहाताच्या बाहेरच्या आणि अंगठ्याकडच्या बाजूने शाईवर आळीपाळीने आघात होतो. मनगट झुल्यासारखे फिरते, म्हणून हा बोल दमासाठी उत्तम. पण हात गरम होण्याआधी तो कधीही घेऊ नये. शेवटची 5 मिनिटे साधा ठेका संथ वाजवून हात शांत करावा.

पखवाजवादकाने हाच आराखडा ठेवून ता, दिं, थुं, ना या मोकळ्या आघातांपासून तिटकतगदिगनपर्यंत जावे. तेथे पंजाची थाप प्रमुख असल्याने सुट्या आघातांचा वेळ दुप्पट करावा. घुमटवादकाने उजव्या हाताच्या बोटांबरोबर मागच्या तोंडावरची डाव्या हाताची उघडझाप वेगळी घोटावी. नादाचा चढउतार तिच्यावरच अवलंबून असतो.

वाद्य आणि ऋतू

बसताना पाठ ताठ आणि खांदे सैल असावेत, चुंबळीवर तबला किंचित पुढे झुकलेला असावा. मनगट वाकडे करून वाजवावे लागत असेल तर चूक हाताची नसते, चुंबळीची असते. पावसात चामडे ओलावा धरते, सूर उतरतो आणि नाद बद्द होतो. अशा वेळी वादक नकळत जोर वाढवतो आणि हात दुखावून घेतो. आधी गट्टे ठोकून सूर चढवावा. न चढल्यास त्या दिवशी पढंत करावी. घुमट उन्हात किंवा निखाऱ्यांपासून दूर धरून शेकण्याची जुनी रीत याच कारणाने पडली आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास बंदी असल्याने आता बकऱ्याचे कातडे वापरतात. वाद्य बदलताना नव्या चामड्याचा प्रतिसाद हाताने पुन्हा शिकावा लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

थांबावे केव्हा?

थकवा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा हात भरून येणे हा थकवा. पाच मिनिटांच्या विश्रांतीने तो उतरतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे ही मात्र कंडरा किंवा मज्जातंतूंवर ताण आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ‘दुखले तरच हात तयार होतो’ हा समज अनेक होतकरू हातांना महागात पडतो. मनगटाला वजने बांधून वाजवणेही टाळावे. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या कथा ऐकून स्वतःच तसा संकल्प करू नये. ती साधना तयार हातासाठी आणि गुरूच्या नजरेखाली असते.

गुरूचे स्थान

लिखित माहितीला एक मर्यादा आहे. हात आखडला आहे, हे ज्याचा हात असतो त्याला सर्वांत शेवटी समजते. म्हणून समोर बसून पाहणारा कोणीतरी हवा. मुंबईत अमीर हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेले नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर यांनी पुढे अनेक शिष्य घडवले; सुरेश तळवलकर त्यांच्यापैकी एक. गंधर्व नाटक मंडळीत साथ केलेले अहमदजान थिरकवा यांच्या वादनाने मराठी रसिकांच्या कानावर तबल्याचे संस्कार केले. अरविंद मुळगावकर यांचा ‘तबला’ हा मराठी ग्रंथ आजही विद्यार्थ्यांच्या हाती असतो. ही सारी परंपरा समोरासमोरच्या शिक्षणातून आलेली आहे. गावात गुरू नसेल तर महिन्यातून एकदा तरी जाणत्या वादकापुढे बसावे आणि बोल ऐकवण्याबरोबरच हातही दाखवावा.

चवथीला अजून अवकाश असेल तर आजच घुमट किंवा तबला खाली काढावा. सहा आठवडे रोज पाऊण तास दिला तर पाचव्या रात्रीची आरतीही पहिल्या रात्रीच्याच लयीत पूर्ण करता येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपबशी उचलताना हात थरथरणार नाही.