किंगरी

गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या परधानांचे तीन तारांचे गजवाद्य. किकरी असेही म्हणतात. मध्य प्रदेशातल्या परधानांचा बाना हा तिचा सख्खा भाऊबंद. नाथजोग्यांच्या हातीही किंगरी असते, पण नाव एक असले तरी ती परंपरा वेगळी. दोहोंची गल्लत करू नये.

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर, किनवट, माहूर हा डोंगरपट्टा आणि त्याला लागून असलेला तेलंगणातला आदिलाबाद हा या वाद्याचा एक मुलूख. इथे हौसेने किंगरी धरून कोणी गायक होत नसे. परधानाचे घर ठरावीक गोंड यजमानांशी पिढ्यानपिढ्या बांधलेले असते आणि त्याची कुळीही यजमानाचीच असते. त्या कुळीच्या देवाची, म्हणजे पेर्सा पेनची कथा गाण्याचा हक्क त्याच्याकडे येतो, आणि तो हक्क चालवण्यासाठी पोर बापामागे गज धरायला शिकते. अवघड असते ती कथा, बोटे त्यामानाने लवकर वळतात. घरात मराठी बोलणाऱ्या परधानाला ती गोंडीत गावी लागते. मोबदला धान्याचा, यजमानाघरी मयत झाले की मृताच्या कपड्यालत्त्यातही वाटा.

वाद्याचा मूळपुरुष हिरासुका मानला जातो. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या सुटकेच्या कथेत गोंडांचा आद्य गुरू पहांदी कुपार लिंगो आणि जंगो देवी यांच्या बरोबरीने त्याचे नाव येते. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड ही ती गुहा, असे मानून तिथे माघ पौर्णिमेला यात्रा भरते.

अमेरिकेतील मिसिसिपीच्या कापूसशेतांतला ग्रामीण ब्लूज हा या गायनाचा दूरचा सोबती म्हणता येईल: एकच माणूस, एकच तंतुवाद्य, आणि गळा थांबला की तारेने द्यायचे उत्तर. साम्य मात्र इथवरच. ब्लूजवाल्याला यजमान नाही. गाणेही त्याच्या स्वतःच्या दुःखाचे. परधान गातो ते कुळीचे. शिवाय ब्लूजला तबकडी मिळाली. मिसिसिपी जॉन हर्टने 1928 साली ध्वनिमुद्रित केलेली गाणी ऐकूनच 1963 मध्ये चाहत्यांनी त्याला गावात जाऊन शोधून काढले, आणि शहरी पोरे अशा जुन्या तबकड्यांवरून गिटार शिकली. किंगरीची शाळा यजमानाच्या अंगणातच राहिली. देवकार्ये कमी झाली की ती शाळाही बंद पडते, म्हणून या वाद्याची काळजी वाद्यसंग्रहालयाने मिटेल असे वाटत नाही.

परधानांच्या कथांची मोठी नोंद क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने केली. 1940 च्या दशकात आदिलाबादेतील मारलवाईत राहून त्याने गोंडांचा अभ्यास केला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ 1948 चा. त्या वेळी किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि गोंड-परधानांच्या वस्त्या सीमेच्या दोन्ही अंगांना राहिल्या.