रानाचे पांघरूण

मलिक अंबराचे नाव निघाले की गनिमी कावा आठवतो, फार तर त्याची महसूलव्यवस्था. परंतु १६१० मध्ये त्याने खडकी वसविली आणि तिच्यासाठी नहर काढली, ते काम त्याच्या लढायांहून अधिक टिकले. या नहरीमागे धरण नव्हते. शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारावर जे पाणी जमिनीत मुरे, तेच भुयारात झिरपे आणि केवळ उताराच्या बळावर गावात येई. अंबराची खरी टाकी म्हणजे माती.

खडकीचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नहरी बुजत गेल्या आणि शहर पैठणच्या नाथसागराचे पाणी पिऊ लागले. शहराने मातीची टाकी सोडली. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र ती सोडता येत नाही. त्याच्या रब्बीच्या ज्वारीला पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच जगावे लागते.

ही ओल कशी राखावी, याचा शास्त्रीय विचार आपल्याकडे १९२३ मध्ये मांजरीला सुरू झाला; १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र निघाले. ना. वि. कानिटकरांसारख्यांच्या परिश्रमांतून कोरडवाहू शेतीची मुंबई पद्धत सिद्ध झाली : बांध घाला, शेणखत द्या, वखराच्या पाळ्या द्या, बी कमी आणि पाभरीचे अंतर जास्त ठेवा. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात हजारो हात बांध आणि पाझर तलाव यांच्या कामाला लागले.

त्या घामाचे मोल मोठेच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भारी काळ्या रानात समपातळी बांधांमागे पाणी तुंबे, पीक पिवळे पडे. उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटे. बांध धावत्या पाण्याला अडवतो. पाणी धावूच का लागले, हा प्रश्न तो सोडवीत नाही.

त्याचे उत्तर उघड्या रानात आहे. पावसाचा टपोरा थेंब उघड्या ढेकळावर आदळला की ते विरघळते, बारीक गाळ मातीची छिद्रे बुजवतो आणि पाणी वरच्यावर निघून जाते. रब्बीसाठी राखलेले रान नेमके ऐन पावसाळ्यात असे उघडे पडते. त्यावर मूग-उडीद असला तर पाने थेंबाचा मार झेलतात, मुळे वाट करून देतात, मुळांवरच्या गाठी नत्र साठवतात. ताग फुलोऱ्यात गाडला तर तोच खत होतो. बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरणाऱ्या आपल्या आजोबांना हे पांघरूण ठाऊक होते. त्याला नाव मात्र त्यांनी दिले नव्हते.

१९८० नंतरच्या दशकात विजयअण्णा बोराडे यांनी याच जिल्ह्यातील आडगावात गावाचे सारे पाणलोट क्षेत्र एक मानून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम उभे केले. अलीकडे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा तंत्र भातापलीकडे इतर पिकांतही आले आहे : नांगर नाही, पीक कापल्यावर मुळे जागीच कुजू द्यायची.

यावर शेतकऱ्याची हरकत असते, आणि ती खोटी नाही. पाऊस लवकर उघडला तर पांघरुणाचे पीकच ज्वारीची ओल पिऊन टाकते. शिवाय रानात पाला ठेवावा तर गोठ्यातल्या जनावरांच्या पुढे काय टाकावे? म्हणूनच ही शेती हुकमाने होणारी नव्हे. हलके रान, भारी रान, घरची जनावरे हे सारे पाहून ती ज्याची त्याने बसवावी लागेल.

दिवाळीच्या दिवसांत पैठणच्या वाटेने गेले की कोवळ्या ज्वारीच्या ओळी दिसतात. पावसाळ्यात त्या रानांतून वाहून गेलेली माती नाथसागराच्या तळाशी जाऊन बसते. पिकाला ती मुकते आणि शहराच्या पाण्याची जागा अडवते. अंबराने माती सांभाळणारा डोंगर गृहीत धरला होता. आपल्याला तसे गृहीत धरण्याची सोय उरलेली नाही.